गुण्यात

साठ अंशाचा गुण्या नसतो सुताराकडं.
नव्वदचा असतो, त्यावर जन्म निघतो:
चौकटी, पाट, शाळेचे बाक,
जुन्या जालन्यातली निम्मी दारं.
मी मागितले सहा कोपरे, साठ अंशाचे,
तीन खाली, तीन वर.
दादा म्हणाले, "काय करायलीस?
तीन तिघाडा, काम बिघाडा.
चौथा खांब दे त्याला, डुगडुगायचं नाही."

म्हटलं, तीन पायांचं डुगडुगतच नाही.
चार पायांखाली मात्र तुम्ही
आयुष्यभर कागदाच्या घड्या सरकवल्यात.
हसले नाहीत. पटाशी घासायला घेतली.

सुतळीचे तीन सारखे भाग, तीन खिळे,
ताणली की साठ आपोआप.
सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून
दोन दिवसांत सहा कोपरे निघाले.
सहाव्याच्या वेळी लाईट गेली होती.

बाकीचं मी जमवलं.
खांब कय्युमच्या भंगारातून, किलोवर,
कुठल्याशा बंद पडलेल्या शोकेसचे.
पट्टे अंबड चौफुलीच्या मेलेल्या झेरॉक्सचे.
मोटारी तेवढ्या कुरिअरनं आल्या,
तीन ओढायला, चौथी तार ढकलायला.
हातांसाठी छत्रीच्या काड्या लावल्या, वाकल्या.
मग क्रीडा संकुलातून मोडके बाण,
सहा दांड्या, एका मापाच्या,
आणि खुब्यांत सायकलचे छर्रे,
स्पीकरच्या चुंबकाला धरून बसलेले.
निखळले तर आपणच परत जागेवर जातात.
आईच्या खुब्याला हे जमायला हवं होतं.

चालू केलं तेव्हा दादा रंधा खाली ठेवून आले.
तीन गाड्या, तीन खांबांवर,
वर जातात, खाली येतात, बस.
आडवं जायची परवानगी एकीलाही नाही.
आणि तरी मधलं नाक
काचेवर गोल फिरतं, वळतं, तिरकं पळतं,
जशा तीन जावांनी एकच घागर धरलीय
आणि कुणी कुणाला काही बोलत नाही.
"गुण्यागोविंदानं," दादा म्हणाले,
आणि परत गेले.

आठ दिवस नुसत्या शेवया.
नाक फार उंच, नाहीतर काचेत घुसलेलं.
शेवटी मंठ्याचं एसटीचं तिकीट घातलं मध्ये:
सरकलं पाहिजे, पण जरा कुरकुरून.
तिन्ही खांबांपाशी, मग मधोमध,
रात्री दीडपर्यंत तिकीट सरकवत बसले.
पहिला थर काचेला धरून राहिला
आणि खोलीत भाजल्या मक्याचा वास आला.

पहिलं काय काढलं? त्याचेच कोपरे.
लाकूड उन्हाळ्यात एक, पावसात एक,
म्हणून सागाचे सोडवून
त्यानंच घडवलेले त्यालाच बसवले.
दादांनी एक हातात घेतला,
अंगठा फिरवला. "गाठ नाही याला," म्हणाले.
कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

मग चौकोन काढला. चौकोन आला नाही.
कोपरे बदलले तरी तीच कलती खोड.
लाकडाची चूक थरावर थर चढून
प्लॅस्टिकात उतरली होती,
कान किंवा चाल उतरते तशी.
मोजलं, आकडेमोड केली, सापडलं:
डावा खांब, उणे शून्य पॉइंट बेचाळीस.
अर्धा अंशही नाही.
आकडा सेटिंगमध्ये भरला.
कोपरे तेच ठेवले.

काल दादा स्वतःहून आले.
"साठचा एक गुण्या काढून दे."
दोन तास लागले. ते स्टुलावर बसून राहिले,
थर मोजत असावेत.
गार झाल्यावर उचलला,
कोनाड्यातून सहावा सागाचा कोपरा काढला,
दोन्ही जुळवून बल्बासमोर धरले
आणि एक डोळा मिटला.

फटीतून उजेड आला,
तिकिटाएवढा.

बराच वेळ तसेच उभे.
मग कोपरा जागच्या जागी ठेवला,
गुण्या पिशवीत टाकला, नव्वदच्या शेजारी,
आणि विचारलं, "दारं कितीची होतील गं यात?"